पार्ल्यातला अडलेला फ्लॅट आणि १२ हजारांची सेवा

आत्याचा फ्लॅट विले पार्ले पूर्वेला. तिसरा मजला, लिफ्ट नाही, ४१० चौरस फूट कार्पेट. आठ महिने एजंट गिऱ्हाइकं आणत होता. माणसं हॉलमधून अंधाऱ्या स्वयंपाकघरात डोकवायची आणि चपला घालायला लागायची. जाताना ठरलेला प्रश्न, "रिडेव्हलपमेंटचं काय?" शेजारी विमानतळ, त्यामुळे इमारतींच्या उंचीला मर्यादा. दोन बिल्डर गणित मांडून गेले ते परत फिरकले नाहीत. म्हणजे घर आहे तसंच खपवायचं होतं.

भाचीने एका इंटिरिअर डिझायनर मुलीचं नाव सुचवलं. विक्रीआधी मोजमाप, दुरुस्तीनंतरचा नकाशा, एक थ्रीडी चित्र, खर्चाचा अंदाज, शिवाय दोन शनिवार गिऱ्हाइकं येतील तेव्हा स्वतः हजर. १२,००० रुपये. भिंतीला साधा चुनाही न लावता एवढे पैसे? मी कुरकुरतच दिले.

आल्या आल्या तिने हॉल आणि स्वयंपाकघरामधल्या भिंतीवर रुपयाचं नाणं टकटकवलं. मग बटणाच्या पट्टीचं झाकण काढून आतली वीट दाखवली. "काकू, ही चार इंची पार्टिशन आहे, काढता येईल. तो कोपऱ्यातला कॉलम मात्र ब्रह्मदेव आला तरी हलणार नाही." बाथरूम सरकवायची माझी कल्पना तिने तिथेच मोडीत काढली, खाली दुसऱ्यांची झोपायची खोली आहे. तोडफोडीआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं मत आणि सोसायटीची परवानगी घ्या, हे तिने नकाशावरच ठळक लिहिलं. घर विकायला मदत करणारं माणूस एवढं खरं बोलतं, याचंच मला अप्रूप वाटलं.

स्वयंपाकघराच्या खिडकीचा वरचा अर्धा भाग आत्याने कावळ्यांच्या त्रासापायी प्लायची फळी ठोकून बंद केला होता. ती सुताराकडून काढवली, ३०० रुपये. ऊन थेट ओट्याखाली गेलं आणि तिथली मोझॅक फरशी हिरवी आहे हे मला कित्येक वर्षांनी दिसलं. मग तिने फरशीवर निळी चिकटपट्टी लावून नवा ओटा, फ्रिज आणि चौघांचं टेबल आखलं. दुसऱ्या शनिवारी आलेलं बोरिवलीचं जोडपं त्या पट्टीच्या आतच उभं राहून कुकर कुठे, मिक्सर कुठे, यावर भांडायला लागलं. आठ महिन्यांत त्या घरात कुणी भांडलं नव्हतं.

आता तक्रारी. थ्रीडी चित्रात खिडकीबाहेर गर्द झाडी आणि खाली इटालियन मार्बल! खिडकीबाहेर प्रत्यक्षात समोरच्या इमारतीचे पाइप आहेत. मी चित्र बदलायला लावलं, तिने तोंड वाकडं करून बदललं. दुरुस्तीच्या साडेसहा लाखांच्या अंदाजात तोडफोडीचं डेब्रिज खाली नेण्याचा खर्चच नव्हता. बोरिवलीच्या जोडप्यातल्या मुलाचे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यांनीच विचारलं, "तीन जिने पोती कोण उतरवणार?" त्याचे १८ हजार मग वाढले. आणि मुलाच्या आईने नकाशा दोनदा उलटसुलट पाहून विचारलं, "देवघर?" ते काढायचंच राहिलं होतं. कॉलमशेजारच्या कोनाड्यात पेन्सिलने बसवलं.

व्यवहार त्यांच्याशीच झाला, आमच्या मनातल्या आकड्यापेक्षा चार लाख कमी. पण आधीच्या ऑफर याहून बऱ्याच खाली होत्या, तेव्हा १२ हजार वसूल. मी पाचपैकी चार देईन. बोलवायचं तर एजंटने फोटो काढायच्या आधी बोलवा. आमचे अंधारातले फोटो आठ महिने फिरत होते.

आणि ती निळी पट्टी जुन्या फरशीवर आठवडाभर ठेवू नका. गोंद धरतो. मी खोबरेल तेल लावून दोन संध्याकाळ घासत होते.