कॅमेरा तुमच्या हाती नाही, म्हणूनच: प्लेस्टेशनवरचा मूळ ‘क्रॅश बँडिकूट’

पहिल्या लेव्हलला, एन. सॅनिटी बीचवर, एक केशरी प्राणी वाळूत तोंड खुपसून पडलेला असतो. तो उठतो, आपल्याकडे बघतो आणि पाठ फिरवून जंगलाच्या वाटेला लागतो. दोन्ही बाजूंना झाडी, मधून मातीची पायवाट, वाटेवर लाकडी खोकी, पुढे वळण. गेम सप्टेंबर १९९६ मध्ये अमेरिकेत आला. ज्या मशीनवर तो चालतो त्याची मुख्य मेमरी २ एमबी. आजच्या मोबाइलने काढलेला एक धड फोटो त्यात मावत नाही.

नॉटी डॉगने बनवलेला आणि सोनीने विकलेला हा गेम खेळ म्हणून ठीकठाक आहे, काही ठिकाणी चिडचिड व्हावी इतका जुनाट. चित्र म्हणून मात्र त्या वर्षीच्या प्लेस्टेशनवर त्याच्या जवळपास येणारं फार थोडं होतं, आणि ते कसं साधलं हे कळलं की खेळतानाचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

आधी मशीनचं रडगाणं. प्रोसेसर सुमारे ३४ मेगाहर्ट्झचा, व्हिडिओ मेमरी १ एमबी, सीडी ड्राइव्ह सेकंदाला जास्तीत जास्त ३०० केबी वाचणारा. झेड-बफर नाही. म्हणजे ज्या त्रिकोणांनी थ्रीडी चित्र बनतं त्यांतला कोणता पुढे आणि कोणता मागे हे ग्राफिक्स चिपला कळतच नाही. तिला जो क्रम द्याल त्या क्रमाने ती रंगवत जाते. भिंतीवर देखावा काढणारा पेंटर आधी आकाश, मग डोंगर, मग झाड काढतो, तसं. क्रम चुकला की मागचा दगड पुढच्या माणसाच्या पोटातून डोकावतो. शेकडो त्रिकोणांचा असा क्रम सेकंदाला ३० वेळा लावायचा, तर प्रोसेसरचा बराच वेळ त्यातच जातो. त्या काळातले बरेच थ्रीडी गेम ओसाड दिसतात, त्याचं हे एक मोठं कारण.

क्रॅशमध्ये कॅमेरा रुळावर बसवलेला आहे. खेळाडू त्याला फिरवू शकत नाही, तो ठरलेल्या वाटेवरूनच पुढेमागे सरकतो. मग त्या वाटेवरच्या प्रत्येक टप्प्यावरून लेव्हलचे कोणते त्रिकोण दिसणार आणि कोणत्या क्रमाने रंगवायचे, हे ऑफिसातच सिलिकॉन ग्राफिक्सच्या वर्कस्टेशनवर आधी काढून ठेवता येतं. डिस्कवर तयार यादी जाते. पुढच्या टप्प्याची यादी पूर्ण लिहायचीही गरज नाही, मागच्या टप्प्यापेक्षा काय बदललं तेवढं पुरतं. प्लेस्टेशनला फक्त यादी वाचून रंगवायचं काम उरतं. क्रम लावण्यात जाणारा वेळ वाचला, तो सगळा पानं, वेली आणि दगडांच्या वाट्याला आला.

‘हा गेम म्हणजे नुसती गल्ली आहे’ अशी टीका तेव्हापासून होते. गल्ली आहेच. पण ती काढली असती तर हे जंगलही गेलं असतं. त्याच वर्षी आलेल्या ‘सुपर मारियो ६४’ने उलटा सौदा केला: कॅमेरा मोकळा, मैदान मोकळं आणि झाडं मोजकी. तो ज्या निन्टेन्डो ६४ वर चालायचा त्या मशीनला झेड-बफर होता, हेही विसरून चालणार नाही.

दुसरी करामत खुद्द क्रॅशच्या अंगावर आहे. तो ५१२ पॉलिगॉनचा, म्हणजे तेवढ्या सपाट तुकड्यांचा, आणि पाठीवरचे ठिपके आणि बुटांच्या नाड्या सोडल्या तर त्याच्या अंगावर टेक्श्चर, म्हणजे तुकड्यांवर चिकटवलेलं चित्र, जवळजवळ नाहीच. नुसते रंगवलेले पॉलिगॉन. यात दोन फायदे आहेत. साधा रंगवलेला पॉलिगॉन चिपला टेक्श्चरवाल्यापेक्षा लवकर काढता येतो. शिवाय प्लेस्टेशन टेक्श्चर लावताना अंतराचा हिशेब धरत नाही, त्यामुळे जवळ आलेल्या मोठ्या पृष्ठभागावर रेषा नागमोडी होतात. चेहऱ्यावर टेक्श्चरच नाही, तर वाकडं व्हायला आहे काय? केशरी रंगही सहज निवडलेला नाही. हिरव्या झाडीवर आणि करड्या दगडांवर तो लांबूनही उठून दिसतो. छाती फिकट आहे, हातमोजे वेगळ्या रंगाचे आहेत. कमी रेझोल्यूशनवर तो समोर तोंड करून उभा आहे की पाठ, आणि हात कुठे आहे, हे चटकन कळावं म्हणून.

हालचालीही नीट बघा. त्या काळात बहुतेक गेमांमध्ये पात्रं कळसूत्री बाहुलीसारखी असायची: हात वेगळा, दंड वेगळा, सांध्यावर फिरणारे सुटे तुकडे. क्रॅशमध्ये शरीराचा प्रत्येक बिंदू त्या-त्या क्षणी कुठे आहे ते साठवलेलं आहे. म्हणून त्याचं तोंड ताणलं जातं, भुवया उडतात, उडी मारून उतरताना अंग दबतं. मेमरीच्या दृष्टीने हा प्रकार महाग, म्हणून तो डेटा दाबून बसवावा लागला. मरण्याचे इतके वेगवेगळे विनोदी प्रकार त्यातूनच जमले, आणि ते तुम्हाला भरपूर वेळा बघायला मिळतील.

पडद्याचं रेझोल्यूशनही वेगळं निवडलंय: ५१२ बाय २४०. नेहमीचा मार्ग ३२० बाय २४० चा. हिशेब सोपा आहे. एका पिक्सेलला २ बाइट, म्हणजे ५१२ बाय २४० ची एक फ्रेम २४० केबी. एक दाखवायला आणि एक रंगवायला, अशा दोन फ्रेमना ४८० केबी. १,०२४ केबीपैकी टेक्श्चरला उरले ५४४. नेहमीच्या मार्गाने ७२४ उरले असते. ज्या गेमला टेक्श्चरची भूक मोठी, त्याला हा व्यवहार परवडत नाही. क्रॅशच्या अंगावर टेक्श्चर नव्हतं म्हणून परवडला. प्लेस्टेशनवर त्रिकोणाचे कोपरे पूर्ण पिक्सेलवरच बसतात, मधे थांबत नाहीत, म्हणून त्या पिढीतलं चित्र सतत थरथरतं. आडव्या दिशेला पिक्सेल बारीक झाले की ही थरथरही त्या दिशेला कमी होते.

लाकडी खोकी तर निव्वळ काटकसरीतून आलेली आहेत. लेव्हल रिकाम्या वाटत होत्या आणि आणखी शत्रू घालायला पॉलिगॉन शिल्लक नव्हते. खोकं म्हणजे सहा चौकोन, त्यातले एका वेळी दिसणार फार तर तीन. इतक्या स्वस्तात वाट भरते आणि खेळाडूच्या हाताला कामही मिळतं. वाटेवर गोळा करायची वुम्पा फळंही थ्रीडी नाहीत, फिरत्या फळाची सपाट चित्रं आहेत. नीट बघितल्याशिवाय पत्ता लागत नाही.

२ एमबीत न मावणारी लेव्हल ६४ केबीच्या पानांमध्ये कापलेली आहे. क्रॅश पुढे सरकतो तशी पुढची पानं सीडीवरून येतात, मागची जातात. म्हणून खेळताना ड्राइव्ह सतत कुरकुरत असतो, आणि म्हणूनच दमलेल्या लेन्सचं मशीन या गेमला चालत नाही. जे मशीन बाकीचे गेम कसेबसे चालवतं ते इथे अडखळू शकतं, कारण पान वेळेत आलं नाही तर पुढे दाखवायलाच काही नसतं. सुरुवातीच्या मॉडेलमध्ये लेन्सची पट्टी प्लास्टिकची आणि गरम होणाऱ्या पॉवर सप्लायच्या शेजारी होती; ती झिजली की लेन्स तिरपी होते. मशीन उलटं ठेवून चालवण्याची युक्ती त्यातलीच, पण ती मलमपट्टी. विकत घ्यायचंच तर नंतरचं मॉडेल घ्या.

बघण्यासारख्या लेव्हल सांगायच्या तर ‘अपस्ट्रीम’मधलं पाणी आणि धबधबे, पावसात, विजांच्या लखलखाटात किल्ल्याच्या भिंतीवर चढायला लावणारी ‘स्लिपरी क्लाइंब’, आणि सगळ्यात सुंदर ‘लाइट्स आउट’. तिथे अंधार आहे, आणि अकू अकूचा, म्हणजे क्रॅशचं रक्षण करणारा, मुखवटा मिळाला की थोडा वेळ क्रॅशभोवती उजेड पडतो. चिप फक्त पॉलिगॉनच्या कोपऱ्यांना दिलेले रंग एकमेकांत मिसळते. तेवढ्या भांडवलावर कंदील घेऊन चालल्यासारखा उजेड उभा केलाय. ‘बोल्डर्स’मध्ये कॅमेरा उलटा होतो: क्रॅश आपल्याकडे पळतो आणि मागून दगड गडगडत येतो. दगड पडद्याचा मोठा भाग झाकतो, त्यामागचं फारसं दिसतच नाही.

आता तक्रारी. पहिली, खोली कळत नाही. पडद्याच्या आत मारायच्या उडीत पुढची फळी किती लांब आहे याचा अंदाज चुकतो, आणि कॅमेरा वळवून बघायची सोय नाही. ‘रोड टू नोव्हेअर’ आणि ‘द हाय रोड’ या झुलत्या पुलांवर हे सगळ्यात जास्त भोवतं. तिथे क्रॅशकडे न बघता त्याच्या पायाखालच्या गोल सावलीकडे बघा; सावली फळीवर आली की उतरायला हरकत नाही. तरीही जमत नसेल तर उडी मारून पुलाच्या बाजूच्या दोरावर चढा आणि त्यावरून चालत जा. लबाडी आहे, पण गेम अडवत नाही. नियंत्रण फक्त डी-पॅडवर, म्हणजे चार दिशांच्या बटणांवर, आहे, अ‍ॅनालॉग काडी इथे चालत नाही. या गेमला ते बाधत नाही, उलट सरळ रेषेत चालायला बरंच पडतं.

दुसरी तक्रार सेव्हची, आणि ती माफ करण्यासारखी नाही. लेव्हल संपली की सेव्ह होत नाही. लेव्हलमध्ये क्रॅशच्या मैत्रिणीची, टॉनाची, तीन चित्रं गोळा करायची, बोनस फेरीत जायचं, ती न पडता पूर्ण करायची, मग सेव्हचा पडदा येतो. किंवा रत्न मिळालं तर. रत्नासाठी लेव्हलमधली सगळी खोकी एकदाही न मरता फोडावी लागतात. दोन्ही फसलं आणि मशीन बंद केलं, तर मेहनत पाण्यात. मेमरी कार्ड नसेल तर लांबलचक पासवर्ड लिहून घ्यायचा, त्यात प्लेस्टेशनची बटणंही येतात. घाईत काढलेला गोल आणि चौकोन सारखाच दिसतो.

कशावर बघावा? घरात जुना सीआरटी टीव्ही असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा त्यावर लावून बघा. प्लेस्टेशन रंगांची कमतरता ठिपक्यांच्या जाळीने भरून काढतं. साध्या पिवळ्या वायरीतून ती जाळी विरघळते आणि रंग सलग दिसतात. आरजीबी वायरीने चित्र कोरीव येतं, पण जाळीही स्पष्ट दिसते. इथे साधी वायर वाईट नाही. एलसीडी टीव्हीला थेट जोडू नका: बरेच टीव्ही २४० ओळींचा सिग्नल ४८० इंटरलेस समजून त्यावर प्रक्रिया करतात, चित्र पुसट होतं आणि बटणाला उशिरा प्रतिसाद येतो. मध्ये २४० ओळी ओळखणारा स्केलर, म्हणजे सिग्नल टीव्हीजोगा करून देणारा डबा, लावावा लागतो. पीएस२ वर ही डिस्क चालते. तिथल्या प्लेस्टेशन ड्रायव्हर सेटिंगमध्ये टेक्श्चर मॅपिंग ‘स्टँडर्ड’च ठेवा, ‘स्मूथ’ने पानं पुसलेल्या फळ्यासारखी दिसतात.

एम्युलेटरवर, म्हणजे संगणकावर प्लेस्टेशनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, रेझोल्यूशन चौपट केलं तर क्रॅश छान दिसतो, कारण मुळात टेक्श्चर नाहीच, फाटायला काही नाही. वाइडस्क्रीनचा पर्याय मात्र बंद ठेवा. तयार यादीत जुन्या चौकटीत दिसणारेच त्रिकोण आहेत. चौकट रुंद केली की कडेला जंगल अचानक संपतं, भिंतींना भोकं पडतात आणि क्रॅश चालेल तसे तुकडे उगवतात, मावळतात. गंमत म्हणून दोन मिनिटं चालू करून बघायला हरकत नाही. वर सांगितलेली यादी डोळ्यांना दिसते.

२०१७ मध्ये पीएस४ वर आलेल्या नव्या आवृत्तीत क्रॅशला केस आहेत आणि सेव्हचा छळ गेलाय, पण उडी मुळापेक्षा जरा लवकर खाली येते, त्यामुळे जुना हात पुलांवर फसतो. मूळ डिस्क घेत असाल तर काळ्या बाजूच्या बारीक ओरखड्यांची फार काळजी नको, ते पॉलिश करून निघू शकतात. छापील बाजू उजेडासमोर धरून बघा. तिथून उजेड आरपार आला तर डेटाचा थरच गेलाय, ती डिस्क घेऊ नका. आणि डिस्क कोणत्या विभागाची आहे ते बघूनच पैसे द्या. अमेरिकेची डिस्क न बदललेल्या पाल (युरोपच्या टीव्ही पद्धतीच्या) मशीनवर सुरूच होत नाही.