चौदा महिने ई-८५ वर: वाचवले ८७ डॉलर, घालवले ३३४

गाडी बंद पडली नसती तर हे लिहिलंच नसतं. जानेवारीतली सकाळ, बाहेर उणे २४ सेल्सिअस, मागे दोन मुलं दप्तरं घेऊन बसलेली आणि स्टार्टर नुसता घरघर फिरतोय. इंजिन काही पकडेना. बायकोने खिडकीतून जी नजर टाकली तिचं भाषांतर एवढंच होतं: आणखी भर स्वस्तातलं पेट्रोल.

फ्लेक्स-फ्युएल म्हणजे साधं पेट्रोल आणि बरंचसं इथेनॉल (म्हणजे अल्कोहोल) मिसळलेलं ई-८५, दोन्ही चालणारी गाडी; याहून जास्त सांगत बसत नाही. टाकीचं पिवळं झाकण ही तिची खूण. गाडी २०१४ ची सात आसनी मिनीव्हॅन, ३.६ लिटरचं व्ही-६ इंजिन, २० गॅलनची टाकी. मे २०२४ मध्ये ९८ हजार मैल झालेली सेकंडहँड घेतली. मुक्काम आयोवात, डे मॉइनच्या उत्तरेला अँकनीमध्ये. आमच्या कॉलनीतली शेवटची गल्ली संपली की मका सुरू होतो. अमेरिकेत सगळ्यात जास्त मका इथेच पिकतो आणि त्याचं सगळ्यात जास्त इथेनॉलही इथेच होतं. त्यामुळे इथल्या पंपावर चार-चार नळ्या असतात: साधं (म्हणजे दहा टक्के इथेनॉलवालं), १५ टक्क्यांचं ‘अनलेडेड ८८’, बिन-इथेनॉलचं महागडं आणि ई-८५. गाडीचं पिवळं झाकण बघितलं तेव्हाच मनात हिशेब सुरू झाला होता.

पहिले आठ महिने सांगण्यासारखं काही घडलंच नाही. साध्यावर सरासरी २०.५ मैल प्रति गॅलन (लिटरला पावणेनऊ किलोमीटर धरा), ई-८५ वर १५.९. इथेनॉलच्या एका गॅलनमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे हे होणारच. त्यावर चिडण्यात अर्थ नाही, भागाकार करायचा. १५.९ भागिले २०.५, म्हणजे साधारण ७७ टक्के. ई-८५ चा भाव साध्याच्या ७७ टक्क्यांच्या खाली असेल तर भरायचं, वर असेल तर नाही. पंपावर लोक नुसता फलक बघून ‘ऐंशी सेंटने स्वस्त!’ म्हणून टाकी फुल्ल करतात, त्यांचं मला फार वाईट वाटतं.

आता ती सकाळ. विम्यात टोइंग होतं, म्हणून गाडी जवळच्या मोठ्या, चकचकीत सर्व्हिस सेंटरला नेली. (नाव लिहीत नाही, सगळीकडे हेच चालतं.) दुपारी फोन आला: ‘इथेनॉलने तुमचा फ्युएल पंप खाल्लाय. पंप आणि सहा इंजेक्टर, १,३८० डॉलर.’ मी विचारलं, फ्युएल प्रेशर किती आलं? (पंप बिघडला असेल तर इंधनाचा हा दाब पडतो.) तिकडे शांतता. मग म्हणे, ‘सर, आम्ही अशा खूप गाड्या बघतो.’ पुन्हा विचारलं, प्रेशर किती? मोजलंच नव्हतं! तपासणीचे १४९ डॉलर मात्र मोजून घेतले. काउंटरवर पाऊण तास वाद घातला आणि त्यातले शून्य डॉलर परत मिळवले.

त्याच आठवड्यात सांगलीहून सासऱ्यांचा फोन. त्यांची २०१२ ची मोटारसायकल चढावर अडखळायला लागलीय आणि तिथल्या गॅरेजवाल्याचंही निदान ठरलेलं. ‘जावईबापू, आमच्याकडं आता गाडी शिंकली तरी इथेनॉल. कार्बोरेटर साफ केला, चालायला लागली.’ त्यांची खरी तक्रार वेगळी आहे. भारतात ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आलं तेव्हा पंपावर दुसरी नळी उरली नाही; जुन्या गाडीवाल्याने करायचं काय? तक्रार रास्त आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली आणि ती जागा मक्याने भरली. आयुष्यभर ऊस लावलेल्या माणसाला मक्यावर मोटारसायकल चालवावी लागतेय, हेही त्यांना लागलेलं असणार.

तर, गाडी त्या सेंटरमधून काढली आणि स्वखर्चाने, १२५ डॉलर टोइंगला देऊन, पंचवीस मैलांवरच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे नेली. एका गॅरेजमधून दुसऱ्या गॅरेजमध्ये न्यायचं टोइंग विम्यात बसत नाही, हे तेव्हा कळलं. त्याने आधी प्रेशर मोजलं. ठणठणीत. मग स्कॅनर लावला आणि मला स्क्रीन दाखवली. गाडीच्या कॉम्प्युटरच्या मते टाकीत इथेनॉल होतं १२ टक्के. ‘तू भरलंस काय?’ ई-८५. ‘कसं भरलंस?’

इथे कबुलीजबाब. आदल्या रात्री टाकी जवळजवळ रिकामी होती, मुलं मागे झोपलेली, हीटर बंद करायला जीव होईना. मी इंजिन चालू ठेवूनच भरलं. (करू नये. धोक्याचं आहे आणि पंपावर तसं लिहिलेलंही असतं.) तिथून घर अर्धा मैल. आमच्या गाडीत इथेनॉल मोजायचा वेगळा सेन्सर नाही. इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं की टाकीतली पातळी वाढलेली दिसते, मग गाडी पुढचे काही मैल धुराड्यातल्या ऑक्सिजन सेन्सरवरून अंदाज बांधत शिकते. मी तिला भरल्याचंही कळू दिलं नाही आणि शिकायला अंतरही दिलं नाही. त्यात इथेनॉलवर इंजिनला इंधन जास्त लागतं आणि कडाक्याच्या थंडीत त्याची वाफ धरत नाही. गाडी बिचारी साध्या पेट्रोलच्या मापाने थेंब सोडत बसली.

मग म्हाताऱ्याने जे केलं त्याने माझे पुढचे सहा महिने खाल्ले. काचेची रेघा मारलेली उभी नळी काढली, शाळेच्या प्रयोगशाळेत असायची तशी, शंभर मिलिलिटरची. पन्नासच्या रेघेपर्यंत पाणी. वर शंभरपर्यंत माझ्या टाकीतलं इंधन. बूच लावलं, हलवलं, बाकावर ठेवलं. आधी सगळं दुधाळ झालं. मग दोन-तीन मिनिटांत खाली स्वच्छ थर आणि वर पिवळसर थर, मधे केसाएवढी रेघ. पाणी अल्कोहोलला ओढून घेतं, पेट्रोलला नाही. पन्नासवर असलेली पाण्याची रेघ ७७ वर गेली होती. सत्तावीस दुणे चोपन्न. ई-८५ म्हणून विकलेल्या मालात इथेनॉल ५४ टक्के!

साठ डॉलर घेतले, गाडी गरम शेडमध्ये ठेवून सुरू करून दिली. पण माझं डोकं आता वेगळ्याच कारणाने तापलेलं. पाटीवर ८५ आणि माल ५४? आमच्या घरी आजी दुधात लॅक्टोमीटर बुडवायची. दूधवाले तीन बदलले, लॅक्टोमीटर तोच राहिला. ते रक्त माझ्यातही असणार. त्याच रात्री नळी ऑनलाइन मागवली, अकरा डॉलर. (हे वरच्या हिशेबात धरलेले नाहीत, त्याला मी मनोरंजन म्हणतो.) तेव्हापासून प्रत्येक वेळी भरलं की गॅरेजचं दार सताड उघडून, काडीपेटीपासून दूर, पन्नास मिलिलिटर तपासतो. वहीत तारीख, पंप, भाव, रेघ. एकदोन टक्के इकडेतिकडे होत असतील, पण पंप कोणता आणि महिना कोणता हे आता मी नुसत्या आकड्यावरून सांगू शकतो. बायकोला यात कौतुकासारखं काही दिसत नाही.

मग मार्च-एप्रिलमध्ये मत बदललं. दोनदा.

आधी नियम वाचला. या इंधनात इथेनॉल ५१ ते ८३ टक्के असलं तरी चालतं, आणि हिवाळ्यात ते मुद्दाम कमी करतात, कारण थंडीत इंजिन सुरू व्हायला पेट्रोलची वाफ लागते. म्हणजे जी ‘भेसळ’ म्हणून मी बोंबलत होतो ती माझ्यासारख्याची गाडी उणे वीसमध्ये सुरू व्हावी म्हणूनच होती.

दुसरं त्याहून लाजिरवाणं. एप्रिलमध्ये दोन पंपांवर एकाच आठवड्यात, एकाच भावाने भरलं. एकीकडे रेघ ७७ ला, म्हणजे ५४ टक्के. बहुधा हिवाळ्याचा माल अजून उरलेला. दुसरीकडे ८७ ला, म्हणजे ७४ टक्के. ‘अस्सल’ मालावर मिळाले १६.० मैल आणि ‘भेसळीच्या’ मालावर १७.३. अर्थात! दुधात पाणी घातलं तर दूध पातळ होतं; इथे इथेनॉलमध्ये पेट्रोल घातलं तर माल दाट होतो. पंपवाला मला त्याच पैशात जास्त ऊर्जा देत होता आणि मी त्याला चोर म्हणत होतो. आता ज्या पंपावर रेघ खाली दिसते तिथे मी मुद्दाम जातो. पंप कोणता, ते सांगणार नाही.

बरं, फायदे. ते आहेत, आणि खरे आहेत. ऑक्टेन (इंधन अवेळी पेट न घेण्याचं माप) शंभरच्या आसपास, आणि इथेनॉल बाष्प होताना आतली हवा थंड करतं. आय-३५ हायवेच्या रॅम्पवरून सात माणसं घेऊन वर चढताना फरक पायाला कळतो. साध्यावर जिथे इंजिन कण्हतं तिथे ई-८५ वर ते नुसतं ओढतं. अमेरिकेतल्या इंडीकार मोटारशर्यती २००७ मध्ये संपूर्ण इथेनॉलवर गेल्या होत्या, ते उगाच नाही. शिवाय ऑक्टेन वाढवायला पूर्वी शिसं घालायचे, नंतर एमटीबीई नावाचं रसायन आलं आणि ते विहिरींच्या पाण्यात उतरलं. त्या दोघांपुढे इथेनॉल सज्जनच.

आणि मका वाया जात नाही, हे इथे येईपर्यंत मला माहीत नव्हतं. ५६ पौंडांच्या एका बुशेलमधून पावणेतीन गॅलनच्या वर इथेनॉल निघतं, पण त्यात जातं फक्त पिष्ट. प्रथिनं, तेल, कोंडा मागे राहतो, बुशेलमागे सतरा पौंडांच्या आसपास, आणि तो गुरा-डुकरांना जातो. आपल्याकडची सरकी पेंड आठवा. इथल्याच नेवाडा गावाजवळच्या इथेनॉल प्लांटवरून जाताना काच खाली केली की उन्हाळ्यात रात्रभर बाहेर राहिलेल्या इडलीच्या पिठाचा वास येतो. मुलं नाक दाबतात, मला भूक लागते. इंधनाचे पैसे अरबस्तानात न जाता वीस मैलांवरच्या शेतकऱ्याकडे जातात, याचं समाधानही वाटतं. निदान जूनपर्यंत वाटत होतं.

जून २०२५ मध्ये इथे हिरवळीला पाणी घालायला बंदी आली. पाऊस कमी म्हणून नाही, नद्या तर भरून वाहत होत्या. रॅकून आणि डे मॉइन नद्यांमध्ये नायट्रेट इतकं वाढलं की ते काढून टाकणारी यंत्रणा पुरी पडेना. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम, आणि आकडा तिथे टेकायला आलेला. नायट्रेट येतं बरंचसं शेतातल्या खतातून आणि डुकरांच्या शेणातून, आणि खताला सगळ्यात हपापलेलं पीक मका. सगळा मका काही माझ्या टाकीत जात नाही. पण पिवळी पडत चाललेली हिरवळ बघत नळीत रेघ शोधताना हात जरा थबकलाच. कार्बनचंही तसंच. अमेरिकेच्या आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या २०२१ च्या अभ्यासात मक्याचं इथेनॉल पेट्रोलपेक्षा ४४ ते ५२ टक्के कमी कार्बनचं निघालं. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने, मक्यासाठी मोडलेल्या जमिनीचा हिशेब धरून, ते बहुधा किमान २४ टक्के जास्तच असल्याचं म्हटलं. माझी नळी इथे काही कामाची नाही.

पैशांचं सांगतो, कारण शेवटी सगळे तेच विचारतात. चांगल्या दिवशी गॅलनला साधं २.९५ आणि ई-८५ २.१४ डॉलर असायचं. म्हणजे साडेबहात्तर टक्के, भरायलाच हवं. ३१० मैलांना साध्याचे ४४.६० लागले असते, ई-८५ चे ४१.७० लागले. वाचले जेमतेम तीन डॉलर. चौदा महिन्यांत, नऊ हजार मैलांत, वहीप्रमाणे एकूण ८७. त्यासमोर १४९, १२५ आणि ६०. वर शिकागोला गणपतीला जाताना साध्यावर एका टाकीत पोचलो असतो ते ई-८५ वर मधे एकदा थांबावं लागलं, आणि थांबलं की मुलांना चिप्स लागतात. ते वहीत नाही. बायकोच्या म्हणण्याप्रमाणे असायला हवं.

अशी गाडी घ्यायची असेल तर एवढंच: इंजिन बंद करून भरा, एका वेळी निदान पाच-सहा गॅलन तरी भरा, आणि भरल्यावर लगेच घरी लावू नका, दहा-एक मैल फिरवा. पिवळं झाकण किंवा तसा बॅज नसलेल्या गाडीत चुकूनही नाही. बायकोच्या सेडानला ८८ चालतं, तेवढंच. कुणी न मोजता फ्युएल पंप बदला म्हणालं तर प्रेशरचा आकडा मागा.

सासऱ्यांना नळीचा व्हिडिओ पाठवला होता. ‘येताना दोन आणा,’ म्हणाले, ‘एक दुधाला ठेवू.’ दुधाला ती चालत नाही, हे अजून सांगितलेलं नाही.

हे लिहिलं त्या आठवड्यात कोपऱ्यावर ई-८५ २.४९, साधं ३.०९ होतं. साडेऐंशी टक्के. साधंच भरलं.