१९३८ ची पैठणी आणि ८५ रुपये ५० पैसे

३८,९५० रुपये गेले. ३८,५०० साडीचे, ४५० कुरिअरचे. आकडा मुद्दाम पूर्ण लिहितेय, कारण घरी अजून ‘वीसेक हजार’ एवढंच सांगितलंय.

जुनी पैठणी म्हणून नकली साडी गळ्यात मारायचे धंदे कसे चालतात ते तुम्हाला ठाऊक आहे. ‘आजीची आठवण आहे, पण अडचण आहे’, ‘अजून दोघी मागताहेत’, मग आधी ५,००० टोकन. मलाही ठाऊक होतं. पण माझ्या आईची पैठणी माझ्या डोळ्यांदेखत जुनी जर घेणाऱ्याकडे गेली होती. जाळून चांदी काढायची म्हणून तो असल्या साड्या वजनावर घ्यायचा, आणि आईला घर चालवायचं होतं. लेकीचं लग्न ठरल्यावर तशीच एक तिच्या अंगावर बघावी असं वाटलं. याला मूर्खपणा म्हणायचं तर म्हणा.

विकणारी बाई स्वतःला येवल्याकडची म्हणवायची, मला सारखं ‘काकू, काकू’ करायची. साडी म्हणे तिच्या आजेसासूच्या लग्नातली, १९३८ ची. मूळ नऊवारी, मागाहून कापून सहावारी केलेली. जांभळा रंग, पदरावर बांगडी मोर. व्हिडिओ कॉलवर मी पदराची मागची बाजू दाखव म्हणाले. म्हणजे मी अगदीच बावळट नाही. हातमागावरच्या पैठणीचा पदर उलटसुलट सारखाच दिसतो, कारण नक्षीतला एकेक रंग विणतानाच शेजारच्या धाग्यात अडकवलेला असतो. यंत्रमागाच्या पदराला मागे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. तिने पदर उलटला, तर मागून सगळी जाळी शिवलेली. “जुना जीव आहे ना काकू, जपायला लावलीय.”

आणि मला ते पटलं! जाळी लावतात ती मागचे धागे बांगडीत, जोडव्यात अडकू नयेत म्हणून. जिथे लोंबता धागाच नाही तिथे जपायचं काय होतं?

बरं, तेही एक वेळ सोडा. ते बिल.

बिलाचा फोटो आधी आला, मग साडीबरोबर खुद्द बिल. पिवळा पडलेला कागद, घडीवर फाटायला आलेला, निळी शाई, तारीख १२-५-१९३८, ‘पैठणी नग १’ आणि पुढे रक्कम रु. ८५.५०. मी ते चष्मा लावून दोनदा वाचलं. रकमेवर बोट ठेवून यजमानांना म्हणालेसुद्धा, “बघा, काय स्वस्ताई होती!” १९३८ साली ५० पैसे कुठून आले हो? तेव्हा रुपये, आणे, पै. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा. दशमान नाणी सुरू झाली १ एप्रिल १९५७ ला. ८५ रुपये ८ आणे लिहिलेलं असायला हवं होतं. मी ३१ वर्षं बँकेत नोकरी केली, त्यातली ११ कॅशवर. खोटी नोट माझ्या बोटांना कळायची. ते एक टिंब माझ्या बोटाखाली होतं आणि मी पदरावरचे मोर मोजत होते.

कुणी जुनं बिल पुढे केलं तर आधी रक्कम बघा, मग पत्ता. पत्त्यात महाराष्ट्र राज्य असेल तर कागद १९६० च्या अलीकडचा, सहा आकडी पिनकोड असेल तर १९७२ च्या. आणि बिल अस्सल निघालं तरी ते त्याच साडीचं कशावरून?

लेकीने साडी उलगडली तेव्हा पहिली शंका तिलाच आली. घड्यांवरचे तपकिरी डाग मी ओल्या फडक्याने टिपले, तर फडक्यावर सरळ चहाचा रंग. मग जाळी उसवली. मागे कापलेल्या धाग्यांचं नुसतं रान. एक धागा ओढून निरांजनावर धरला. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरडते. हा धागा आकसला, वितळला, टोकाला टणक काळा मणी झाला. पॉलिस्टर! टेरिलीनचा, म्हणजे पॉलिस्टरच्या धाग्याचा शोधच १९४१ सालचा, आणि आजेसासू १९३८ मध्ये ते नेसून बोहल्यावर उभी? जरही लखलखीत पिवळी. खरी जर म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा. इतक्या वर्षांत ती कुठेतरी काळवंडतेच. ओळखीच्या साडीवाल्याने दुरूनच सांगितलं, “सेमी आहे, मावशी, अस्सल नव्हे. साडेतीन हजार फार झाले.”

पोलीस चौकीत गेले. हवालदार म्हणाले, “साडी मिळाली ना? मग फसवणूक कसली?” मी बिल दाखवलं, टिंब दाखवलं, १९५७ सांगितलं. ते दुसऱ्याला म्हणाले, “बाईंना पैशांचा इतिहास पाठ आहे.” हसले. मग म्हणे सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, खातं हॅक झालेलं नाही, पैसे तुम्हीच पाठवलेत, चौकीतच अर्ज द्या. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन लावला, तक्रार क्रमांक मिळाला, पुढे काही नाही. बँकेने, जिथे मी आयुष्य काढलं त्या बँकेने, छापील उत्तर पाठवलं की व्यवहार ग्राहकाच्या संमतीने झाला आहे. ग्राहकांच्या हेल्पलाइनवर, १९१५ वर, मला विचारलं, विक्रेता दुकानदार आहे का? नाही. मग नाव, पत्ता? कुरिअरच्या पावतीवरचा पत्ता मी एका भाच्याला पाठवून बघितला, तिथे पिठाची गिरणी आहे. प्रत्येकाला अर्ज हवा, प्रत्येकाला झेरॉक्स हवी, साडी हातात धरून बघायची तसदी एकानेही घेतली नाही. झेरॉक्स आणि रिक्षाचे ६४० रुपये वेगळेच.

टोकन देऊ नका. जाळी दिसली की ती उसवून दाखवायला सांगा. नाही म्हणाली तर फोन ठेवा. धागा जाळून बघायचा तो तुमच्यासमोर ओढलेला हवा, पाकिटातून पाठवलेला नको. आणि ‘काकू’ म्हटल्यावर विरघळू नका, मी विरघळले.

परवा वहिनीने एक फोटो पाठवला, ‘ही बघ, तुला हवी होती तशी.’ हिरवी पैठणी, नारळी काठ, ४२,००० रुपये, ‘आजेसासूच्या लग्नातली’. शेजारी बिल ठेवलेलं, पिवळं, घडीवर फाटायला आलेलं, १२-५-१९३८. माझं बिल माझ्याच कपाटात आहे, उठून बघून आले. त्या फोटोतही रक्कम ८५.५० च.