जुना ट्रक घेताना: साधा पंप की सेन्सरची गाडी?

टनेज, टायर, कागदपत्रं तुम्ही बघितलीच असतील. इथे फक्त पंपाचं, म्हणजे इंजिनला दाबाने डिझेल देणाऱ्या पंपाचं बोलतो. साध्या पंपाच्या आणि सेन्सरच्या, म्हणजे कॉमन रेलच्या, दोन्ही प्रकारच्या गाड्या मी ठेवल्या आहेत, नाशिकचा कांदा दक्षिणेत पोचवायला. स्टिअरिंगवर मात्र मी नसतो, ड्रायव्हर असतो. माझं मत वाचताना हे लक्षात असू द्या.

साध्या पंपाची, म्हणजे इनलाइनची बाजू भक्कम आहे. प्रत्येक सिलिंडरला डिझेल दाबणारा स्वतंत्र प्लंजर, म्हणजे एलिमेंट, असल्यामुळे गाडी सहसा एकदम बसत नाही, आधी कुरकुरते. सकाळी गार इंजिन पटकन लागतं, पण धाब्यावर जेवून आल्यावर गरम इंजिन सेल्फ खात बसतं, ही झिजलेल्या एलिमेंटची जुनी खूण. गरम डिझेल पातळ होतं आणि प्लंजरच्या बाजूने निसटतं. आयडलला इंजिन वर-खाली झुलत असेल तर इंजिनचा वेग सांभाळणारा गव्हर्नर बघायचा किंवा डिझेल कमी-जास्त करणारी रॅक अडकते का ते. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं आणि त्याला डिझेलचा वास आला, तर गाडी तिथेच थांबवा. पंपातून नाहीतर टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपातून डिझेल खाली उतरतंय, आणि पातळ ऑइलवर बेअरिंग टिकत नाहीत.

तपासायला पाना पुरतो. आयडलवर एकेका नोझलचा (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) पाइप नट सैल करायचा, ज्यावर इंजिनचा आवाज बदलत नाही तो सिलिंडर काम करत नाही. मग त्याचं नोझल दुसऱ्या सिलिंडरला लावून बघायचं. दोष नोझलबरोबर सरकला तर पंपाला हात लावायची गरज नाही. निम्मे पंप उगाच उतरवले जातात असं मला वाटतं. खरा दोष तुंबलेल्या फिल्टरमध्ये किंवा हवा घेणाऱ्या वॉशरमध्ये असतो. आणि पंप गेलाच तर बेंचवर कॅलिब्रेट करून, म्हणजे डिझेलचं माप जुळवून देणारा माणूस तालुक्याच्या गावीही भेटतो. हे पंप बनवणाऱ्या मायको कंपनीचं नाव बॉश होऊन जमाना झाला, २००८ साली. ट्रकच्या धंद्यात अजून मायकोच म्हणतात.

सेन्सरच्या गाडीत पंप सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून, म्हणजे कॉमन रेलमधून, डिझेल देतो. तिथे ती नट सैल करायची सवय अंगाशी येईल. लोडवर रेलमध्ये १६०० बारच्या घरात दाब असतो, बारीक धार कातडी फोडून आत जाते. इथे स्कॅनरच लावावा लागतो. लक्षणंही कमी बोलकी: स्टार्टिंग लांबतं, चढावर पॉवर कट होते, दिवा लागतो. कोड येतो रेल प्रेशर कमी असल्याचा, आणि लगेच कोणीतरी पंपाचं कोटेशन काढतो. घाई करू नका. आधी फिल्टर आणि हवा, मग इंजेक्टरच्या रिटर्नला बाटल्या लावून कोणता जास्त परत सोडतोय ते पाहा, मग पंपावरचा, डिझेलचं माप ठरवणारा मीटरिंग व्हॉल्व्ह. पंप सगळ्यात शेवटी. पण फिल्टरच्या भांड्यात चकाकणारी पूड दिसली तर नुसता नवा पंप बसवून भागत नाही. धातू रेलमध्ये आणि इंजेक्टरमध्ये पोचलेला असतो. टाकीपासून सगळं साफ केल्याशिवाय नवा पंपही तसाच जातो. हा खर्च मोठा आहे, आणि या गाडीची खरी भीती हीच.

इथवर वाचून तुम्ही साध्या पंपाकडे झुकला असाल. मीही झुकलो होतो. माझं मन फिरलं ते 'पंप वाढवण्या'वरून.

इनलाइन पंपाच्या गव्हर्नरवर फुल लोडचा, म्हणजे जास्तीत जास्त डिझेल किती जाईल ते ठरवणारा स्क्रू असतो, त्याला तार आणि शिशाचं सील. ड्रायव्हरला घाटात गाडी ओढत नाही असं वाटलं की वाटेतल्या एखाद्या पंपवाल्याकडे सील तुटतं आणि स्क्रू फिरतो. गाडी परत येते ती काळा धूर टाकत. वहीतलं मायलेज उतरतं, पीयूसीवाला मान हलवतो, पिस्टन आणि टर्बो जास्तीच्या उष्णतेत भाजतात. ड्रायव्हरला विचारलं तर उत्तर एकच, "शेठ, आता कशी पळते बघा." पुन्हा कॅलिब्रेट करायचं, पुन्हा सील, दोन खेपांनी पुन्हा तेच. पैशापेक्षा मला याचं वाईट वाटतं की मग खुणाच वाचता येत नाहीत. काळा धूर नोझलचा, एअर फिल्टरचा, टायमिंगचा की वाढवलेल्या डिझेलचा? ज्या बोलकेपणासाठी साधा पंप घ्यायचा, तोच जातो. कॉमन रेलचंही रीमॅपिंग, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं, होतं, नाही असं नाही. पण त्याला लॅपटॉप आणि जाणकार लागतो, धाब्याशेजारी पान्याने ते होत नाही.

तुम्ही स्वतः गाडी चालवत असाल किंवा आडवाटेला खडी-वाळू ओढत असाल, तर साधा पंप घ्या, मी अडवणार नाही. गाडी ड्रायव्हरच्या हाती लांब जाणार असेल, तर मी सेन्सरचीच घेईन. तिचे नियम थोडे आहेत: वॉटर सेपरेटरचं पाणी रोज काढायचं, फिल्टर अस्सल, टाकी कोरडी पडू द्यायची नाही, आणि हायवेवर स्वस्तात मिळणारं तथाकथित बायोडिझेल टाकीत नाही म्हणजे नाही. २०२० पासूनचं १० पीपीएम गंधकाचं डिझेल कोरडं असतं म्हणून पंप जातात, हे ड्रायव्हर लोक ठामपणे सांगतात. गंधक काढल्याने वंगण कमी होतं हे खरं, पण त्यासाठी रिफायनरी अ‍ॅडिटिव्ह घालते. मी पाण्याला जास्त घाबरतो.

एक अडचण. गाडी बीएस-४ (प्रदूषणाचा नियम) म्हणजे कॉमन रेलच असं धरू नका. अशोक लेलँडने आयईजीआर नावाच्या तंत्राने बीएस-४ मध्येही इनलाइन पंप ठेवला होता. केबिन उचलून बघा. पंप साधा असेल तर सील तपासा आणि गाडी गरम करून, बंद करून, पुन्हा लावायला सांगा. कॉमन रेल असेल तर फिल्टर तुमच्यासमोर उघडायला लावा, आणि मालक टाळाटाळ करत असेल तर दुसरी गाडी बघा.