नवा डॅक, आठ महिने ऐकल्यावर

आमचा ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी जुनी, पण ठणठणीत. तक्रार होती ती लॅपटॉपची. हेडफोनच्या जॅकमधून वायर काढून ॲम्प्लिफायरला जोडली होती आणि गाणं थांबलं की स्पीकरमधून बारीक किरकिर यायची. माउस हलवला की तिचा सूर बदलायचा! तानपुरा एकटाच वाजत असला की जवारीच्या मागे हे दुसरं, बेसूर वाद्य. शेवटी वैतागून यूएसबीवर चालणारा, तळहाताएवढा डॅक घेतला. आकड्यांतलं संगीत विजेच्या लहरींत उतरवणारी ही डबी. लॅपटॉपच्या पोटातही एक असतोच, पण तो प्रोसेसरच्या शेजारी, सगळ्या गोंगाटात बसलेला.

कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर खाली तक्रारी आहेत, आणि दुसरं म्हणजे या वर्गातले डॅक ऐकायला इतके सारखे आहेत की नावानं फारसा फरक पडू नये.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. डबीत आवाज कमी-जास्त करण्याची सोय आहे, पण ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. नाहीतर आउटपुट पूर्ण दोन व्होल्टचं. लॅपटॉपचा जॅक एवढं देत नव्हता, त्यामुळे ॲम्प्लिफायरची घुंडी नेहमीच्या जागी ठेवून गाणं लावलं आणि मी खुर्चीतून उडालेच. घुंडी थोडी खाली आणून पुन्हा ऐकलं. काय तो उठाव, काय ती स्पष्टता! दोन दिवस मी सगळ्यांना हेच सांगत होते.

मग शंका आली. कानाला मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो. म्हणून फोनवरच्या ॲपनं मोजून दोन्ही वायरींचा आवाज जुळवला, मुलीला ॲम्प्लिफायरपाशी बसवलं आणि मी पाठ करून बसले. ती न सांगता जॅक आणि डॅक बदलत होती. भरगच्च वाद्यमेळाची रेकॉर्डिंग बारा वेळा ऐकली, सात वेळा बरोबर ओळखलं. नाणं उडवूनही एवढे गुण मिळाले असते. मुलगी हसली, मी नाही. पण आलापाचा संथ भाग लावला तेव्हा मात्र एकदाही चुकले नाही, कारण तिथे किरकिर असणं-नसणं लगेच कळत होतं. म्हणजे पैसे खर्च करून मी शांतता आणली. माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे, पण ‘पडदा दूर झाल्यासारखं वाटतं’ वगैरे जे लिहिलं जातं, ते मला ऐकू आलेलं नाही.

शांतताही लगेच पूर्ण मिळाली नाही. लॅपटॉपला चार्जर लावला की ‘घूं’ असा खर्ज सुरू व्हायचा. चार्जर आणि ॲम्प्लिफायर वेगवेगळ्या सॉकेटमधून अर्थिंग घेत होते आणि यूएसबीच्या तारेमुळे तो वेढा पूर्ण होत होता. दोन्ही प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डात लावल्यावर खर्ज बराच बसला. लॅपटॉप बॅटरीवर असला तर अजिबातच नाही. टीव्हीकडून ऑप्टिकल वायर जोडली तर हा प्रश्नच येत नाही, कारण तिच्यातून वीज नाही, प्रकाश जातो. फक्त आमचा टीव्ही सगळं ४८ किलोहर्ट्‌झमध्ये (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) बदलून पाठवतो.

हे कळलं डबीच्या छोट्या पडद्यामुळे. तिच्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच! आत नेमकं काय येतंय ते दिसतं. सीडी १९८२ साली बाजारात आली तेव्हापासून तिचा आकडा ४४.१, पण लॅपटॉपवरून सीडीची फाइल लावली तरी पडद्यावर ४८. विंडोजचा मिक्सर मधल्या मधे बदल करत होता. प्लेयरमध्ये एक्सक्लुझिव्ह मोड, म्हणजे मिक्सरला वगळून थेट डॅककडे पाठवायची सोय, लावला तेव्हा ४४.१ झळकलं. फरक ऐकू आला का? नाही. बरं वाटलं का? खूप. रात्री मात्र हा पडदा दिव्यासारखा डोळ्यांत घुसतो, म्हणून वर काळी चिकटपट्टी लावली आहे.

खोक्यावर ७६८ किलोहर्ट्‌झ छापलंय. माझ्याकडे तशी एकही फाइल नाही. ४४.१ मध्ये २२ किलोहर्ट्‌झपर्यंतचे स्वर मावतात, आणि माझे कान तेरा-चौदाच्या पुढे केव्हाच संपले. सहा प्रकारचे फिल्टरही आहेत. त्यांची करामत बरीचशी त्या संपलेल्या भागातली, त्यामुळे मी त्यांच्या वाटेला गेले नाही. ब्लूटूथ ठीक. फोन एलडॅकवर (ब्लूटूथवरून जास्त माहिती पाठवायची पद्धत) असला तरी जास्तीत जास्त सेकंदाला ९९० किलोबिट जातात, सीडीला १,४११ लागतात. काम करता करता ऐकायला चालतं.

तक्रारी दोन. बंद करताना स्पीकरमधून ‘टक्’ असा आवाज येतो, म्हणून आधी ॲम्प्लिफायर बंद करायची सवय लावून घ्यावी लागली. आणि रिमोट इतका चिमुकला की आठवड्यातून एकदा सोफ्याच्या फटीत सापडतो.

आता खरं सांगायचं तर या आठ महिन्यांत ज्या बदलानं मी थक्क झाले तो फुकटचा होता. डॅकची वायर पोचेना म्हणून स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले: आधी वीतभर अंतर होतं, आता दोन फूट. तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा भिंतीमुळे फुगत होता, तो आवरला. मग टेप घेऊन दोन्ही स्पीकर आणि माझी खुर्ची यांचा समभुज त्रिकोण केला, स्पीकर किंचित माझ्याकडे वळवले, आणि गायिका दोन खोक्यांतून निघून मधल्या रिकाम्या जागेत येऊन बसली. हा फरक ओळखायला पाठ करून बसावं लागलं नाही.

तुमच्या जॅकमधून किरकिर येत असेल तर असा डॅक जरूर घ्या, साधाच घ्या. येत नसेल तर आधी स्पीकर ओढून बघा. आमच्याकडे त्यावरून एकच वाद उरलाय: झाडताना स्पीकर मागे सरकवले जातात, आणि फरशीवर मी केलेल्या खडूच्या खुणा कोणीतरी रोज पुसतं.