सासूबाईंचा डाव आणि सहा आठवड्यांचा आहार-वर्ग

पाचपैकी चार तारे. एक का कापला, ते पुढे सांगते.

सासूबाईंना शुगर निघाली तेव्हा मिळालेला आहाराचा कागद मी अजून ठेवलाय, चिडायला. त्यांच्यासाठी दिवसभरात सात वेगळे पदार्थ. घरात माणसं पाच, पातेलं एक! त्यामुळे वस्तीतल्या मोफत वर्गाला गेले ती काही फार आशेने नाही.

पहिल्याच दिवशी वर्ग घेणाऱ्या ताईंनी घरचं ताट आणि वाढायचा डाव आणायला सांगितलं होतं. सासूबाई ठसक्यात म्हणाल्या, "मी दोनच डाव भात खाते, आणि चहा बिनसाखरेचा." ताईंनी त्यांचा डाव मापाच्या कपात रिकामा केला. एका डावात कपभर भात! एका कपात साधारण 45 ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे दोन डावांत 90. मग शेजारी बशीत एकेक चमचा साखर, चमच्याला 4 ग्रॅम, अशी टाकत गेल्या. बावीस चमचे झाले. स्टार्चचंही पोटात शेवटी ग्लुकोजच होतं, एवढंच त्या म्हणाल्या. सासूबाई बराच वेळ त्या बशीकडे बघत होत्या.

तेव्हापासून आमच्याकडे अर्धं ताट भाजी (बटाटा यात धरायचा नाही), पाव भाग डाळ किंवा तसं प्रथिनांचं काही, उरलेल्या पावात भात. सगळ्यांनाच. वेगळा स्वयंपाक बंद.

वर्गाची खरी किंमत मला चौथ्या आठवड्यात कळली. एक बाई हळूच म्हणाली, महिनाअखेरीला रात्रीचं जेवण होईलच असं नाही, मग गोळी घ्यायची की नाही? असा प्रश्न दवाखान्यात कोण विचारतं? ताईंनी त्या दिवशीचा धडा बाजूला ठेवला. इन्शुलिन किंवा ते वाढवणाऱ्या काही गोळ्या घेऊन उपाशी राहिलं तर रक्तातली साखर 70 mg/dL च्या खाली, म्हणजे धोक्याइतकी कमी, जाऊ शकते. नुसत्या मेटफॉर्मिनने (शुगरची नेहमीची गोळी) सहसा तसं होत नाही. म्हणून आपली गोळी कुठली, हे डॉक्टरांना विचारून ठेवायचं, जेवण चुकण्याची शक्यता स्पष्ट सांगायची, मनाने गोळी बंद करायची नाही. घाम, थरथर सुरू झाली तर 15 ग्रॅम साखर पाण्यातून, 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट मदत बोलवायची.

आता तक्रार. वेळ दुपारी दोनची. रोजंदारीवाल्यांनी यायचं कसं? माझे दोन खाडे झाले. शेवटच्या दिवशी आयोजकांनी एका विक्रेत्याला 'शुगर-फ्री' बिस्किटं वाटू दिली, ताईंचा चेहराच पडला. पण लेबल वाचायला आदल्या आठवड्यातच शिकवलं होतं. सासूबाईंनी पुडा उलटा केला, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "साखर नाही, मग शंभर ग्रॅममध्ये हे 68 ग्रॅम कर्बोदक कसलं?" तो पुढच्या रांगेकडे सरकला.

सासूबाईंची तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c तपासणी) 9.1 टक्क्यांवरून 8.2 वर आली. मधे डॉक्टरांनी गोळीही बदलली होती, त्यामुळे सगळं श्रेय वर्गाला देत नाही. भाताला आता छोटा डाव आहे. जुना भाजीत असतो.