अहवालात ४५ टक्के प्रथिने, पोत्यात भाताचे तूस

सोयाबीनची पेंड प्रयोगशाळेतून तपासून घेतली की फसवणूक होत नाही, अशी माझी गेल्या वर्षापर्यंत पक्की समजूत होती. ज्या अहवालाच्या जोरावर मी निर्धास्त राहिलो त्याच अहवालाने मला बुडवले, म्हणून इतर वराहपालकांसाठी हे सविस्तर लिहीत आहे.

माझ्याकडे यॉर्कशायर संकरित डुकरे आहेत आणि त्यांचे खाद्य, म्हणजे मक्याचा भरडा, सोयापेंड, गव्हाचा कोंडा व खनिज मिश्रण, मी घरीच मिसळतो. एका व्यापाऱ्याने पेंड किलोमागे सहा रुपये स्वस्त देऊ केली. नमुना मी स्वतः पाठवला, प्रथिने ४५ टक्के आली आणि मी दोन टन माल उतरवून घेतला. पोते उघडताच कडुनिंबाचा दर्प आला होता. परंतु ‘किडीसाठी निंबोळी अर्क मारला आहे’ हे त्याचे उत्तर मला पटले, याची आज लाज वाटते.

दूध तोडलेली ३८ पिल्ले दीड महिन्यात जेमतेम आठ किलोंनी वाढली, जिथे पंधरा किलोंची अपेक्षा होती. केस राठ झाले, पिल्ले सारखी पाण्याच्या नळाशी गर्दी करू लागली आणि कितीही धुतले तरी फरशी मुताने ओलीच राहू लागली. मी जंताचे औषध दिले, मका बदलला. पेंडीवर मात्र संशय घेतला नाही, कारण अहवाल हाताशी होता.

शेवटी तालुक्याच्या पशुवैद्यकांनी बाटलीत चमचाभर पेंड, तितकेच कच्च्या सोयाबीनचे पीठ आणि कोमट पाणी घालून घट्ट बूच लावले. वीस मिनिटांनी ते काढले तेव्हा अमोनियाने माझ्या डोळ्यांत पाणी आले. कच्च्या सोयाबीनमधील विकर (एन्झाइम) युरिया फोडून अमोनिया मोकळा करते, म्हणजे पेंडीत युरिया मिसळलेला होता, हे मला तेव्हा कळले. पोत्यातला कडुनिंबाचा दर्पही निंबोळी तेलाचा लेप दिलेल्या खताच्या युरियाचाच होता. उरलेली पेंड पाण्यात टाकली, तर तुसाची फोलपटे वर तरंगली.

अहवाल खोटा नव्हता. प्रयोगशाळा प्रत्यक्षात नत्र मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणून प्रथिने सांगते. युरियात ४६ टक्के नत्र असल्याने शंभर किलोत चार किलो युरिया मिसळला की कागदावर साडेअकरा टक्के प्रथिने वाढतात आणि तेवढी जागा दळलेल्या तुसाला मिळते. गायीच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीव मर्यादित युरियापासून प्रथिने घडवतात. एकाच जठराच्या डुकराला ते साधत नाही. त्याला लायसिनसारखी अमिनो आम्ले खाद्यातूनच मिळावी लागतात, आणि मक्यात लायसिनच सर्वांत तोकडे असते. ती उणीव भरून काढण्यासाठी तर पेंड घालायची!

जाब विचारायला गेलो, तेव्हा व्यापारी शांतपणे म्हणाला, “अहो, हीच पेंड चार गोठ्यांत जाते, एकाही गायीची तक्रार नाही.” ते खरेही असेल. तक्रार करायला बिल काढून पाहिले, तर त्यावर ‘सोयापेंड’ हा शब्दच नव्हता. नुसते ‘पशुखाद्य’ लिहिले होते, आणि तिथेच माझे प्रकरण संपले.

आता मी बिलावर मालाचे नाव लिहून घेतो, प्रथिनांबरोबर युरिया, तंतू व वाळूचीही तपासणी मागतो, आणि प्रत्येक खेपेतील अर्धा किलो पेंड विक्रेत्याच्या सहीनिशी मोहोरबंद करून ठेवतो. दोन विक्रेत्यांनी सही करायला नकार दिला; त्यांचा माल मी उतरवलाच नाही.